हेरातच्या गॅरेजमधील व्हेंटिलेटर : आरोग्य आणीबाणी आणि मुलींची अभियांत्रिकी

अफगाणिस्तानातील पहिल्या कोविड रुग्णाची नोंद २४ फेब्रुवारी २०२० रोजी हेरात शहरात झाली. हा रुग्ण इराणमधील कोम शहरातून परतला होता. हेरात देशाच्या पश्चिमेला, इराणच्या सीमेपासून जवळ वसलेले आहे आणि मजुरी, व्यापार, औषधोपचार, धार्मिक यात्रा अशा अनेक कारणांनी इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सीमेपलीकडे ये-जा करत आली आहेत. इराणमध्ये साथ भडकून तिथली कामे बंद पडली, तेव्हा एकट्या मार्च महिन्यात लाखाहून अधिक अफगाण लोक मायदेशी परतले, आणि त्यांतील पुष्कळांना पहिले मोठे शहर लागले ते हेरात. साडेतीन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात त्या वेळी सुमारे ४०० व्हेंटिलेटर असल्याचे सांगितले जात होते. बाहेरून यंत्रे मागवायची म्हटले, तर श्रीमंत देशच त्यांच्यासाठी एकमेकांशी चढाओढ करत होते, कारखान्यांच्या मागण्या महिनोन्‌महिने आधीच नोंदल्या गेल्या होत्या आणि विमानसेवाही थांबत चालली होती.

अशा वेळी १४ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलींनी हेरातमधील एका गॅरेजमध्ये आपत्कालीन व्हेंटिलेटर बांधायला घेतला. त्यांच्या यंत्रात टोयोटा कोरोला गाडीच्या वायपरची मोटर होती आणि होंडा मोटारसायकलची चेन होती. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी छापली, आणि बहुतेक ठिकाणी तिचा सूर कौतुकमिश्रित आश्चर्याचा होता: मुली, त्याही अफगाणिस्तानातल्या, आणि जुन्या गाडीचे भाग. हे कौतुक मनापासूनचे होते यात शंका नाही, परंतु त्याने मूळ प्रकरण झाकले गेले. या मुलींनी नेमके कोणते अभियांत्रिकी काम केले, ते काम त्यांच्याच वाट्याला का आले, त्या यंत्राची मर्यादा कोणती होती आणि पुढे त्या कौशल्याचे काय झाले, हे प्रश्न त्या आश्चर्यात मागे पडले. प्रस्तुत अभ्यासात याच प्रश्नांचा विचार केला आहे. त्यातून निघणारे मत आधीच मांडतो: आणीबाणी कोणालाही नवी भूमिका बहाल करत नाही. हत्यारे ज्यांच्या हाती आधीपासून असतात, काम त्यांच्याचकडे जाते, आणि हेरातमध्ये ती हत्यारे मुलींच्या हाती आली होती, कारण त्यापूर्वीची ३ वर्षे कोणीतरी त्यासाठी चिकाटीने काम केले होते.

संघ आधीच उभा होता

या मुलींचा यंत्रमानव संघ २०१७ मध्ये आकाराला आला. त्यामागे रोया महबूब या हेरातच्याच उद्योजिका होत्या. त्यांचे बालपण निर्वासित म्हणून इराणमध्ये गेले, हेरात विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि २०१० मध्ये स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली, जिथे प्रामुख्याने स्त्रियांना काम मिळत असे. ‘टाइम’ साप्ताहिकाने २०१३ मध्ये जगातील शंभर प्रभावशाली व्यक्तींत त्यांची गणना केली. मुलींना संगणक आणि इंटरनेट शिकवण्यासाठी त्यांनी ‘डिजिटल सिटिझन फंड’ ही संस्था उभारली, आणि यंत्रमानव बांधणाऱ्या मुलींचा संघ हे त्याच कामाचे पुढचे पाऊल होते.

जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या ‘फर्स्ट ग्लोबल’ या आंतरराष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धेसाठी संघाची निवड झाली. व्हिसासाठी मुलींना हेरातहून काबूलला दोनदा जावे लागले आणि दोन्ही वेळा अर्ज नाकारला गेला. अखेर अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पातळीवर हस्तक्षेप झाल्यावर त्यांना प्रवेश मिळाला. यंत्रमानव बांधण्याचे साहित्यही सीमाशुल्क खात्यात अडकून पडले होते, त्यामुळे इतर देशांच्या संघांपेक्षा कमी वेळात त्यांना तो उभा करावा लागला. स्पर्धेत त्यांना धैर्यपूर्ण कामगिरीसाठी रौप्यपदक मिळाले. त्यानंतर काही दिवसांतच, १ ऑगस्ट २०१७ रोजी, हेरातमधील एका मशिदीवर झालेल्या आत्मघाती हल्ल्यात तत्कालीन कर्णधार मुलीचे वडील मारले गेले. तरीही संघ मोडला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस एस्टोनियात झालेल्या ‘रोबोटेक्स’ महोत्सवात उद्योजकता विभागाचे पारितोषिक या मुलींना मिळाले, आणि ते शेतीकामासाठी सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रमानवासाठी होते.

या इतिहासातील स्पर्धा आणि पदके बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट उरते. २०२० साल उजाडले तेव्हा हेरातमध्ये अशा काही मुली होत्या, ज्यांनी मोटर, गिअर, सेन्सर आणि नियंत्रक जोडून चालते यंत्र बनवण्याचा अनुभव घेतला होता, ज्यांना अपुऱ्या साहित्यात आणि ठरलेल्या मुदतीत काम करण्याची सवय झाली होती, आणि ज्यांचा परदेशातील अभियंत्यांशी थेट पत्रव्यवहार होता. संघाची कर्णधार सोमाया फारुकी ही मोटार मेकॅनिकची मुलगी. वडिलांच्या गॅरेजमध्येच तिला यंत्रांची गोडी लागली होती. हेरात प्रांताच्या गव्हर्नरांनी व्हेंटिलेटरसाठी जाहीर आवाहन केले, तेव्हा त्याला प्रतिसाद देण्याइतपत तयारी असलेला गट शहरात आधीच होता.

पिशवी दाबणारे यंत्र

मुलींनी निवडलेला आराखडा समजून घ्यायचा, तर रुग्णालयांत सर्रास दिसणाऱ्या एका साध्या साधनापासून सुरुवात करावी लागते. अंबू बॅग ही हातात मावणारी, लांबट गोल, रबरी किंवा सिलिकॉनची पिशवी असते. ती दाबली की आतील हवा एकेरी झडपेतून रुग्णाच्या फुफ्फुसांत जाते, आणि सोडली की ती आपोआप फुगून पुन्हा भरते. रुग्णवाहिकेत, शस्त्रक्रियागृहात, वॉर्डातून आयसीयूत रुग्ण नेताना ती लागतेच. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांतही व्हेंटिलेटर मोकळा नसला की रुग्णाचे नातेवाईक पाळीपाळीने, कधी रात्रभर, ती पिशवी दाबत बसलेले दिसतात. पहिला अर्धा तास लय बरी असते. मग अंगठ्याचा सांधा दुखू लागतो, दाब कमी-जास्त होतो, डोळा लागतो तेव्हा श्वास चुकतो, आणि दचकून जागा झालेला माणूस भरपाई म्हणून पिशवी जास्तच जोरात दाबतो. रुग्णाला धोका असतो तो नेमका या अनियमिततेत.

अंबू बॅगचा उगमही एका साथीशी जोडलेला आहे. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली, श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी यंत्रे पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांच्या सूचनेवरून श्वासनलिकेत नळी घालून रुग्णांना हाताने श्वास देण्यात आला, आणि त्यासाठी सुमारे १,५०० वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्यांमध्ये रुग्णांच्या उशाशी बसले. अतिदक्षता विभागाची कल्पना तिथून रुजली. आपोआप फुगणारी पिशवी त्याच देशात १९५६ मध्ये होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी बाजारात आणली.

२०१० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, वैद्यकीय उपकरणांची रचना शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात काही विद्यार्थ्यांनी अंबू बॅग यंत्राने दाबण्याचा एक स्वस्त आराखडा तयार केला होता. मार्च २०२० मध्ये तिथल्याच अभियंत्यांनी आणि डॉक्टरांनी तो आराखडा पुन्हा हाती घेतला, सुधारला आणि जगासाठी खुला केला. दोन भुजा पिशवीला दोन्ही बाजूंनी दाबतात, मोटर त्या भुजा हलवते, आणि मिनिटाला किती श्वास, प्रत्येक श्वासात किती हवा, श्वास घेणे व सोडणे यांत किती वेळ, हे तिघे वेगवेगळे ठरवता येतात. हेरातच्या मुलींनी याच तत्त्वावर काम केले.

वरवर पाहता हे सोपे वाटते, म्हणून इथे जरा थांबणे आवश्यक आहे. मिनिटाला २० श्वास धरले, तर अशा यंत्राला दिवसात २८,८०० वेळा पिशवी दाबावी लागते, आणि दोन आठवड्यांत ही संख्या ४ लाखांच्या पुढे जाते. माणसाच्या हातासाठी बनवलेली पिशवी इतके घर्षण सोसेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मोटरीचा. गाडीच्या वायपरची मोटर या कामासाठी जगात अनेकांनी निवडली, त्याला सबळ कारण आहे. ती १२ व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर चालते. तिच्या आत बहुधा एक मळसूत्री दांडा आणि त्यात अडकणारे नायलॉनचे दातेरी चाक असते, ज्यामुळे मोटरीचा वेग मिनिटाला काही डझन फेऱ्यांवर उतरतो आणि त्या प्रमाणात जोर वाढतो. आणि पावसाळी रात्री तासन्‌तास न थांबता फिरत राहणे हेच तिचे मूळ काम असते. शिवाय टोयोटा कोरोला ही अफगाणिस्तानातील रस्त्यांवरची सर्वांत परिचित गाडी असल्याने तिचे सुटे भाग कोणत्याही बाजारात मिळतात आणि ते उघडून दुरुस्त करणारे हातही मिळतात. मोटारसायकलची चेनही अशीच विचारपूर्वक केलेली निवड आहे, कारण पट्टा भार पडल्यावर घसरू शकतो, चेन दातांवर बसलेली असल्यामुळे घसरत नाही, आणि श्वास देणाऱ्या यंत्रात एक फेरी जरी चुकली तरी चालण्यासारखे नसते.

म्हणूनच ‘भंगारातून बनवलेले यंत्र’ असे त्याचे वर्णन मला अन्यायकारक वाटते. जे साहित्य त्या शहरात नेहमी मिळते, ज्याची ताकद आणि आयुष्य ठाऊक आहे आणि जे बिघडले तर तिथेच बदलता येते, अशा साहित्याभोवती आराखडा बेतणे ही अभियांत्रिकीतील अत्यंत जबाबदार पद्धत आहे. महागडे आयात यंत्र दूरच्या जिल्ह्यातील रुग्णालयात एका किरकोळ सेन्सरसाठी वर्षभर कापडाखाली झाकून पडलेले असते, हे वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

टाळेबंदीतील काम

शहरात टाळेबंदी लागू होती, चौकाचौकांत पोलिसांची नाकाबंदी होती. सकाळी सोमायाच्या वडिलांच्या गाडीत बसून, आडरस्त्यांनी नाकी चुकवत, पाच मुली गॅरेजमध्ये पोहोचत असत. मास्क आणि हातमोजे घालून त्या काम करत. यंत्राचा धातूचा सांगाडा बांधण्यात गॅरेजमधील काही मेकॅनिकांची मदत त्यांना मिळाली. एमआयटीतील तज्ज्ञांशी आणि कॅलिफोर्नियातील एका शल्यचिकित्सकांशी त्यांचा संपर्क होता, आणि आराखड्यातील प्रश्न त्यांच्यापुढे मांडून उत्तरे मिळवली जात होती.

सर्वांत मोठी अडचण साहित्याची होती. मोटर, चेन, बॅटरी या गोष्टी गावात मिळत होत्या, परंतु हवेचा दाब आणि प्रवाह अचूक मोजणारे सेन्सर तसे मिळत नाहीत. ते परदेशातून मागवावे लागतात, आणि त्या काळात दुकाने, टपाल आणि विमाने ही सगळी साखळीच तुटलेली होती. आपत्कालीन व्हेंटिलेटर बांधू पाहणाऱ्या जगभरच्या गटांना त्या वर्षी हाच अनुभव आला. यंत्राचा हलणारा भाग कोणालाही बांधता येत होता, मोजणारा भाग मात्र अडत होता.

जवळजवळ ४ महिन्यांच्या कामानंतर जुलै २०२० मध्ये संघाने आपले नमुना यंत्र लोकांपुढे ठेवले. ते वजनाला हलके होते, उचलून नेता येत होते, एकदा बॅटरी भरली की सुमारे १० तास चालत होते, आणि त्याचा खर्च ६०० ते ७०० डॉलरच्या घरात होता. नेहमीच्या व्हेंटिलेटरची किंमत त्याच बातम्यांत २० ते ३० हजार डॉलर अशी दिली जात होती. विजेचा मोठा भाग इराण आणि तुर्कमेनिस्तानातून विकत घेणाऱ्या आणि वारंवार अंधारात बुडणाऱ्या शहरात बॅटरीवरचे १० तास ही अतिशय मोलाची गोष्ट होती. त्या अवधीत रुग्ण जिल्ह्याच्या रुग्णालयातून प्रांताच्या रुग्णालयापर्यंत नेता येतो.

यंत्र आणि वैद्यकीय उपकरण यांमधील अंतर

प्रमाणित व्हेंटिलेटर उपलब्ध नसेल, तेव्हा श्वासाचा त्रास होणाऱ्या रुग्णाला तात्पुरता आधार देणे एवढेच या यंत्राचे काम आहे, असे संघाने स्वतःच सांगितले होते. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वर्षी अनेक देशांत अनेक नामांकित गटांनी याहून कितीतरी मोठे दावे केले.

कोविडच्या गंभीर अवस्थेत फुफ्फुसे ताठ होतात. अशा फुफ्फुसांत हवा सोडताना प्रत्येक श्वासाचे प्रमाण रुग्णाच्या आदर्श वजनाच्या, म्हणजे उंचीवरून काढलेल्या वजनाच्या, दर किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर ठेवावे लागते; म्हणजे ६० किलो आदर्श वजनाच्या रुग्णाला ३६० मिलिलिटर. प्रौढांसाठीच्या अंबू बॅगमध्ये साधारण दीड लिटर हवा मावते. यावरून ती किती हलक्या आणि मोजक्या प्रमाणात दाबावी लागते, याची कल्पना यावी. श्वास भरून थांबल्यावर फुफ्फुसातील दाब ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबापेक्षा वर जाऊ नये आणि श्वास सोडल्यावरही थोडा दाब शिल्लक राहून फुफ्फुसांतील सूक्ष्म पिशव्या मिटू नयेत, हेही सांभाळावे लागते. दाब वाढला तर फुफ्फुस फाटू शकते. नळी निसटली आणि कोणाला कळले नाही, तर काही मिनिटांत रुग्ण दगावतो. त्यामुळे दाबाची मर्यादा, नळी निसटल्याचा इशारा, वीज गेल्याचा इशारा आणि रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागल्यास तो ओळखण्याची सोय, या गोष्टी व्हेंटिलेटरमध्ये शोभेच्या नसतात. एमआयटीच्या गटानेही आराखडा खुला करताना, पुरेसे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय बळ असणाऱ्यांनीच तो हाती घ्यावा, असे बजावले होते.

शिवाय २०२० चा उन्हाळा येईपर्यंत डॉक्टरांचा दृष्टिकोनही बदलत गेला. रुग्णाला लवकर नळी घालण्यापेक्षा नाकावाटे जास्त प्रवाहाने ऑक्सिजन देणे, त्याला पालथे झोपवणे आणि शक्य तोवर व्हेंटिलेटर टाळणे याकडे कल वाढला. अफगाणिस्तानात तर ऑक्सिजनचाच तुटवडा होता. म्हणून या यंत्राने किती जणांचे प्राण वाचवले, या एका फूटपट्टीने प्रकरण मोजणे चुकीचे ठरेल. साथीच्या पहिल्या महिन्यांत जे ज्ञान उपलब्ध होते, त्याला धरून त्यांनी योग्य प्रश्न निवडला होता.

नमुना यंत्र आणि रुग्णाला लावता येईल असे उपकरण यांच्यामध्ये तपासणीची एक संपूर्ण व्यवस्था असावी लागते. कृत्रिम फुफ्फुसावर शेकडो तासांची चाचणी, जंतुसंसर्गाच्या दृष्टीने तपासणी, विद्युत सुरक्षेची तपासणी, मग वैद्यकीय देखरेखीखालील वापर. हेरातमध्ये ही व्यवस्था नव्हती आणि काबूलमधील आरोग्य मंत्रालयाकडेही ती तोकडीच होती. याच्याशी पुण्यातील त्याच काळातील एक उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या ‘मायलॅब’ कंपनीत विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली कोविडच्या निदानाचा संच सुमारे ६ आठवड्यांत तयार झाला. १८ मार्च २०२० रोजी तो राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीसाठी गेला आणि २३ मार्चला त्याला व्यापारी वापराची मंजुरी मिळाली होती. निदान संच आणि व्हेंटिलेटर या फार निराळ्या वस्तू आहेत, त्यांची थेट तुलना होऊ शकत नाही. तथापि, दोन्हीकडे स्त्रियांनी वेळेवर काम पूर्ण केले असताना एका ठिकाणी त्याच शहरात १९५२ पासून उभी असलेली संस्था ते तपासायला सज्ज होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती, हा फरक लक्षात घ्यावा लागतो. आणखी एक साम्य खेदाने नोंदवतो. भोसले यांच्या बातम्यांत त्यांच्या गरोदरपणाची आणि बाळंतपणाची चर्चा संचाच्या अचूकतेपेक्षा अधिक झाली, जशी हेरातच्या मुलींच्या बातम्यांत त्यांच्या वयाची आणि हिजाबची झाली.

कोणी काय केले

प्रकरण अभ्यासात श्रेयाची वाटणी नीट मांडणे गरजेचे असते, कारण त्यातूनच पुढच्या वेळी काय उभे करायचे ते कळते. या प्रकरणातील स्त्रियांच्या भूमिका एकाच प्रकारच्या नव्हत्या. रोया महबूब यांनी पैसा, ओळखी आणि संस्थात्मक आधार पुरवला. गॅरेजमध्ये कोणीही पाना हाती घेण्याआधीचे हे काम होते, आणि ते नसते तर पुढचे काहीच घडले नसते. एमआयटीतील यंत्रमानवशास्त्राच्या प्राध्यापक डॅनिएला रुस यांनी या उपक्रमाची दखल घेऊन त्याला पाठिंबा दिला, ज्यामुळे शाळकरी मुलींच्या प्रयत्नाला तांत्रिक जगात वजन आले. सोमाया आणि तिच्या सहकारी मुलींनी परक्या भाषेतील आराखडा वाचून तो स्थानिक साहित्यात बसवला, जुळवणी केली, चाचण्या घेतल्या, बिघाड शोधले आणि सुधारले. पत्रकारांना आणि अधिकाऱ्यांना यंत्र समजावून सांगण्याचे कामही त्यांनीच केले.

पुरुषांचा वाटाही स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. सांगाडा बांधणारे मेकॅनिक, सल्ला देणारे डॉक्टर आणि रोज मुलींना गाडीतून नेणारे वडील हे सगळे या कामाचे भागीदार आहेत. यांतील वडिलांची भूमिका मला विशेष वाटते. ज्या समाजात मुलीने गॅरेजमध्ये बसणे हेच मुळात अनेकांना मान्य नव्हते, तिथे बापाने गॅरेजचे दार उघडे ठेवणे हा तांत्रिक शिक्षणातील निर्णायक हस्तक्षेप होता. अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलींची संख्या मोजणाऱ्यांनी हेही पाहावे की, मुलीला वयाच्या दहाव्या वर्षी यंत्र उघडून पाहायची परवानगी कोणी दिली होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी मोटार गॅरेजांत, लेथ मशीनच्या शॉपमध्ये आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानांत मालकाचा मुलगा बालपणापासून वावरतो, पण मुलगी डबा द्यायला आली की डबा देऊन परत जाते.

स्त्रियांच्या सहभागाला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे, जी या प्रकरणाच्या चर्चेत फारशी आली नाही. अफगाणिस्तानात स्त्री रुग्णांवरील उपचारांसाठी स्त्री कर्मचाऱ्यांचीच अपेक्षा असते. उपकरण स्त्रियांच्या वॉर्डात ठेवायचे, ते स्त्री परिचारिकेने चालवायचे आणि बिघडल्यावर त्याच वॉर्डात दुरुस्त करायचे, तर ते बनवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्यांमध्ये स्त्रिया नसतील, तेव्हा यंत्र कागदोपत्री उपलब्ध राहते आणि प्रत्यक्षात निरुपयोगी ठरते. मास्कचा आकार, नळी बसवताना लागणारी जवळीक, इशाऱ्याचा अर्थ कोणाला आणि कोणत्या भाषेत समजावायचा, हे सारे उपकरणाच्या रचनेचेच प्रश्न आहेत, आणि ज्यांनी तो वॉर्ड आतून पाहिलेला आहे त्यांना ते आधी सुचतात.

२०२१ आणि त्यानंतर

बीबीसीने २०२० च्या शंभर प्रेरणादायी स्त्रियांच्या यादीत सोमाया फारुकीचा समावेश केला. पुढील वर्षी ऑगस्टच्या मध्यावर हेरात तालिबानच्या हाती गेले आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. संघातील मुलींपैकी काहींना कतारमध्ये, तर काहींना मेक्सिकोत आश्रय मिळाला. सोमायाने कतारमध्ये शिक्षण पुढे चालू ठेवले. नंतर ती अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेली आणि ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ या संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण निधीच्या वतीने अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी जाहीरपणे बोलत राहिली.

मायदेशात मात्र मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार असे सांगून त्या पहिल्याच दिवशी बंद करण्यात आल्या, डिसेंबर २०२२ मध्ये स्त्रियांना विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचर्या व सुईणकामाचे प्रशिक्षण देणाऱ्या वैद्यकीय संस्थांतूनही त्यांना वगळण्यात आले. या शेवटच्या निर्णयाचा परिणाम वर मांडलेल्या व्यावहारिक बाजूशी थेट जोडलेला आहे. आज सेवेत असलेल्या परिचारिका आणि सुईणी निवृत्त होतील, तशी त्यांची जागा घेणारी फळी तयार होणार नाही, आणि त्यासोबत स्त्रियांच्या वॉर्डातील मॉनिटर, ऑक्सिजन यंत्रे, नवजात बालकांच्या पेट्या आणि व्हेंटिलेटर चालवू शकणारे हातही कमी होत जातील. एमआयटीचा आराखडा लिहिलेला आहे आणि वायपरची मोटर आजही हेरातच्या बाजारात मिळते, परंतु २०२० मध्ये ती दोन्ही एकत्र आणणाऱ्या ज्या पाच मुली होत्या, त्यांच्या वयाच्या मुलीला आज त्या शहरात सहावीच्या पुढे शाळेत बसता येत नाही.